उजेडाची अट

ऑलिंपस ट्रिप ३५ समोरून पाहिला की भिंगाभोवतीचं पारदर्शक कडं आधी नजरेत भरतं. फणसाच्या सालीसारखे बारीक उंचवटे त्यावर. गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या तुयेच्या एका घरात हा कॅमेरा आला, तेव्हा सगळ्यांना ती नुसती नक्षी वाटली होती. मामा बोटीवर नोकरीला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुट्टीवर येताना कुठल्याशा बंदरात त्याने तो घेतला. भाच्याच्या गळ्यात पट्टा अडकवताना त्याने तीनच गोष्टी सांगितल्या: याला सेल लागत नाही, या कड्यावर बोट ठेवायचं नाही आणि आत तांबडं दिसलं की फोटो काढायचा नाही.

काढायचा नाही म्हणजे काढताच येत नाही, हे भाच्याला लगेच कळलं. माजघरात बसलेल्या आजीवर कॅमेरा रोखून त्याने बटण दाबलं, तर डोळ्यासमोर लाल पट्टी उभी राहिली आणि बटण अर्ध्यावरच अडलं. "तांबडा इला, भायर चला," मामा म्हणाला. आजी पदर सारखा करत खळ्यात आली आणि उन्हात डोळे बारीक करून उभी राहिली.

गोव्यात एकेकाळी परदेशी कॅमेऱ्याचं तसं अप्रूप नव्हतं. भारताने १९५५ साली आर्थिक नाकेबंदी केल्यावरही पोर्तुगीज गोव्याच्या बाजारात बाहेरचा माल उतरतच होता. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि मग भारतातले आयातीचे निर्बंध इथेही आले. त्यानंतर परदेशी कॅमेरा यायचा तो बोटीवरच्या किंवा आखातातल्या माणसाच्या बॅगेतून. बाकीच्यांसाठी बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री होता. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, आणि एक्स्पोजर ठरवायला एक खटका: एकीकडे ऊन, दुसरीकडे ढग. आभाळाकडे बघून खटका कुठे ठेवायचा ते माणसाने ठरवायचं. ट्रिपने हे आभाळाकडे बघणं आपल्याकडे घेतलं, तेही बॅटरीशिवाय.

कसं, ते या तुयेकर भाच्याला बऱ्याच वर्षांनी उमगलं. शाळा संपवून त्याने आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा कोर्स केला आणि पुढे तुयेच्याच औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली. प्रेशर गेज, तापमापक, मीटर यांच्या सुया दुरुस्त करण्यात हयात गेली. कोर्सच्या पहिल्याच वर्षी टेबलावर गॅल्व्हानोमीटर उघडून ठेवला होता: चुंबक, बारीक तारेचं वेटोळं आणि त्याला जोडलेली सुई. तो बघताना त्याच्या डोक्यात घरचा कॅमेरा आला, कारण ट्रिपच्या पोटात हेच आहे.

नक्षीच्या कड्यामागे सेलेनियमची पट्टी असते. १८७३ साली विलोबी स्मिथ हा इंग्रज इंजिनिअर समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबल तपासत होता. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की उजेड पडला की सेलेनियमचा विद्युतरोध बदलतो. हाच पदार्थ उजेडात स्वतः थोडी वीजही तयार करतो, हे त्यानंतर काही वर्षांतच कळलं. वीज इतकी कमी की तिच्यावर बल्ब पेटणार नाही, पण केसाएवढी हलकी सुई सरकायला ती पुरते. जितका उजेड, तितकी सुई पुढे.

आता सुई सरकली म्हणून भिंगाचं छिद्र कसं लहान होणार? तिच्या अंगात पाती ढकलण्याचा जोर नाही. सगळी गंमत इथे आहे. बटण अर्धं दाबलं की एक पत्रा सुईला आहे त्या जागी चिमटीत पकडतो. मग पायऱ्या कापलेला दुसरा पत्रा वर येतो आणि सुईला टेकला की थांबतो. तो किती वर आला, त्यावरून छिद्र किती उघडायचं आणि शटरचा वेग कोणता ठेवायचा ते ठरतं. जोर लागतो तो बोटाचा. सुई फक्त कुठे थांबायचं ते सांगते. उजेड फारच कमी असला तर सुई जागची हलत नाही, पत्रा शेवटच्या पायरीपलीकडे जातो आणि लाल पट्टी वर येऊन शटर अडतं.

ही कल्पना ऑलिंपसची नव्हे. १९३८ सालच्या कोडॅक सुपर सिक्स-२० मध्ये सेलेनियमची पट्टी आणि आपोआप ठरणारं एक्स्पोजर होतं. पण त्याची किंमत होती २२५ डॉलर, आणि तसे हजार कॅमेरेसुद्धा बनले नाहीत. १९५९ मध्ये आग्फा ऑप्टिमाने हे काम ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात आणलं. त्यात उजेड पुरेसा असला की हिरवी खूण दिसे. १९६१ मध्ये ऑलिंपस पेन ईई आला. छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो आणि एक्स्पोजरची चिंता नाही. १९६७ चा ट्रिप त्याच वाटेवरचा. सहलीला जाणाऱ्या माणसाचा कॅमेरा म्हणून त्याला नावच तसं दिलं होतं. ब्रिटनमध्ये त्याच्या जाहिरातींत डेव्हिड बेली या नामवंत छायाचित्रकाराला आणलं. १९८४ पर्यंत तो बनत राहिला.

स्वस्त ठेवायचा म्हणून त्याला शटरचे वेग दिले दोनच: सेकंदाचा चाळिसावा भाग आणि दोनशेवा भाग. छिद्र एफ २.८ पासून एफ २२ पर्यंत. हिशेब केला तर अगदी अंधुक आणि अगदी लख्ख या दोन टोकांत प्रकाशाचा सुमारे तीनशे पटींचा फरक हा कॅमेरा सांभाळतो. १०० एएसए संवेदनशीलतेचा रोल असेल तर खालचं टोक सुमारे ८०० लक्सवर येतं. दुपारच्या उन्हात एक लाख लक्स प्रकाश असतो, त्यामुळे बाहेर काहीच अडत नाही. चिऱ्याच्या जुन्या घरात मात्र एका खिडकीच्या, धुराने काळवंडलेल्या रांधणीत शंभर लक्स मिळाले तरी पुष्कळ.

या आकड्यांनी त्या घराचा अल्बम ठरवला. मुंज, चवथीला जमलेली मंडळी, नवी सायकल, लग्नानंतर पहिल्यांदा आलेली जावई-लेक, सगळे तुळशीवृंदावनासमोर. फळाफुलांच्या माटोळीखाली बसलेला गणपती मात्र नाही. पेट्रोमॅक्सच्या उजेडात रात्रभर रंगलेला दशावतार नाही. आजी आणि काकी दिवसातला बहुतेक वेळ ज्या चुलीपुढे असत, ती चूलही नाही. त्या दोघी अल्बमात आहेत त्या बाहेर बोलावल्यावर आलेल्या. अंधारातून एकदम उन्हात आल्यामुळे प्रत्येक फोटोत कपाळाला आठी, डोळे किलकिले. माणसाच्या डोळ्याची बाहुली उन्हात आक्रसायला काही क्षण घेते, कॅमेऱ्याची सुई त्याच्या आधी पोचते. नातसुनांना वाटतं, या दोघी स्वभावाने कडक असाव्यात.

सुईचा आणखी एक स्वभाव होता. समोरचं सगळं दृश्य ती एकत्र मोजते आणि त्याची सरासरी करड्या रंगाएवढी धरून चालते. मोरजीच्या किनाऱ्यावर भर दुपारी फोटो काढला की पांढरी वाळू आणि चमकणारं पाणी मिळून सुईला पुढे ढकलत, छिद्र बारीक होई आणि माणसांची तोंडं काळी येत. म्हापशाचा स्टुडिओवाला प्रिंट देताना म्हणे, मुलांना सूर्याकडे तोंड करून उभं करा. या तुयेकराने दुसरी युक्ती काढली. अर्धं बटण दाबून धरलं की सुई चिमटीत अडकलेलीच राहते. म्हणून जिथे वाळू नसे तिथे तो आधी कॅमेरा पायाखालच्या तांबड्या मातीकडे वळवी, बटण अर्धं दाबी आणि बोट तसंच ठेवून मग माणसांकडे वळे. माती फार उजळ नाही, फार काळीही नाही. सुईला हवी असलेली सरासरी पायाखालीच होती.

एवढं करूनही चुकलंच, तर रोल सांभाळून घेई. रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड बराच पचवते. दोन-तीन पट जास्त पडला तरी प्रिंटमध्ये कळत नाही. कमी पडलेला मात्र तिला सोसत नाही, सावल्या मातकट येतात. स्लाइडची फिल्म तर दोन्हीकडे तितकीच हट्टी. दोन वेगांचा स्वस्त कॅमेरा इतका यशस्वी झाला, त्यातलं अर्धं श्रेय या निगेटिव्हचं आणि प्रिंट काढताना उजेड कमी-जास्त करणाऱ्या लॅबवाल्याचं. चोपडे-शिवोली पूल व्हायच्या आधी रोल फेरीने नदी ओलांडून म्हापशाला जाई आणि आठवड्याने पाकीट घरी येई. ते उघडायला अर्धा वाडा जमत असे.

ट्रिपच्याच सुमारास बाजारात बॅटरीवर चालणारे कॅमेरेही आले. १९६६ च्या याशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये विद्युतचुंबक शटर धरून ठेवतो आणि पुरेसा उजेड मोजला गेला की सोडतो. अंधारात तो नकार देत नाही, शटर सेकंद न् सेकंद उघडं ठेवतो. पण त्या काळच्या कित्येक कॅमेऱ्यांना लागणारे पाऱ्याचे सेल पुढे बंद झाले आणि त्यांची मापं हुकू लागली. ट्रिपला सेलच नसल्याने तो सुटला. त्याचा शत्रू वेगळा: वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा इथला पाऊस. भिंगाला बुरशी येते, दमटपणाने सेलेनियमच्या पट्टीचे जोड गंजतात. म्हणून हा कॅमेरा पावसाळाभर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहिला. अधूनमधून तुयेकर मल्टिमीटर लावून पट्टीचा करंट बघतो. मायक्रोअँपिअरमध्ये येणारा आकडा अजून उन्हात चढतो, सावलीत उतरतो.

आता मामा तो आहे आणि भाची फोनवर वाढलेली. फोन अंधारात एकामागून एक अनेक फ्रेम घेतो, जुळवतो, आणि चुलीपुढचा अंधारही दिवसासारखा दाखवतो. तरी तिला फिल्मची हौस आली. तिने ४०० एएसएचा रोल मागवला. तेवढ्याने ८०० लक्सची गरज २०० वर आली, आणि रांधणीत आता ओट्यावर एलईडीची पट्टी आहे. ऐंशी पार केलेल्या काकी नारळ खोवत बसल्या होत्या. कॅमेरा दिसताच त्यांनी विळी बाजूला सारली. "भायर येव काय?" "नाका, थंयच रव," भाची म्हणाली. तांबडी पट्टी आली नाही. काकींचे डोळे पूर्ण उघडे असताना या कॅमेऱ्याने काढलेला हा पहिला फोटो.

रोल अजून अर्धा शिल्लक आहे आणि कोजागरीला पेडण्याची पुनव आहे. रवळनाथ-भूतनाथाची तरंगं, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, रात्री गर्दीतून फिरतात तेव्हा सुई काही हलायची नाही. त्यावर उपाय आहे. भिंगावरचं छिद्राचं कडं ए या खुणेवरून काढून एफ २.८ वर ठेवलं की लाल पट्टी येत नाही आणि शटर सेकंदाच्या चाळिसाव्या भागावर चालतं. ही सोय खरं तर फ्लॅशसाठी ठेवलेली. मामाचं म्हणणं, फ्लॅश लावावाच, नाहीतर तरंगं हललेली येतील. भाचीचं म्हणणं, हलतात ती हललेलीच दिसू देत. जुन्या पद्धतीचा फ्लॅश म्हापशात कुणाकडे मिळतो, याची चौकशी मात्र दोघांनीही एकमेकांना न सांगता करून ठेवली आहे.