दारावरचं म्हातारं माणूस

मठाच्या दारावर कुणाला बसवावं, याचा विचार संत बेनेडिक्टने सहाव्या शतकातच करून ठेवला आहे. इटलीत मोंते कासिनोच्या डोंगरावर राहून त्याने मठवासीयांसाठी जो नियम लिहिला, त्याची ७३ छोटी छोटी प्रकरणं आहेत. प्रार्थना कधी करायची, जेवणात शिजवलेले पदार्थ किती असावेत, आजाऱ्याला कोणती सवलत द्यायची, उशिरा येणाऱ्याने कुठे उभं राहायचं. त्यातलं ६६वं प्रकरण दाराचं. दारावर शहाणं, वयस्क माणूस असावं. त्याला निरोप घेता-देता यावा, आणि वय इतकं झालेलं असावं की इकडेतिकडे भटकायची हौस फिटलेली असावी. कुणी दार वाजवलं की त्याने देवाचे आभार मानायचे आणि लगोलग, मायेने उत्तर द्यायचं. कोण आलंय ते पाहून मग आभार, असं नाही. आधी आभार, मग कडी.

आमच्या साताऱ्याच्या वाड्यात ओसरीवर आजोबा असेच दिवसभर बसून असत. फक्त आभार मानायच्या ऐवजी ते ‘कोण रे?’ म्हणून खेकसत.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सेंट क्लाउड शहराच्या पश्चिमेला, शेतांच्या मधोमध सेंट जोसेफ नावाचं लहानसं गाव आहे. गावात शिरण्याआधीच एक घुमट दिसू लागतो. तो बेनेडिक्टाइन, म्हणजे बेनेडिक्टच्या नियमाने राहणाऱ्या भगिनींच्या मठाचा. नोकरीनिमित्त या भागात आल्यावर मी तिथे जाऊ लागले. मी ख्रिस्ती नाही, धर्म बदलायचा विचारही मनात नव्हता, आणि तिथे मला तसं कुणी कधी विचारलं नाही. प्रार्थनेला बसायचं असेल तर बस, एवढंच.

पहिल्यांदा बसले तेव्हा शेजारच्या वयस्कर सिस्टरनी माझ्या हातातलं पुस्तक उघडून दिलं. पुस्तकाला चार-पाच रंगांच्या फिती. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटाने त्यांनी हिरवी फीत उचलली, पान लावलं, ओळीवर बोट ठेवलं. पुढचं पान आलं की तेच बोट पुन्हा माझ्या पुस्तकात. सगळ्या मिळून स्तोत्र म्हणत होत्या, एक कडवं या बाजूने, दुसरं त्या बाजूने. आणि प्रत्येक ओळीच्या मध्यावर सगळ्या थांबत. चांगलं श्वासभर थांबत. नवखं माणूस हमखास त्या शांततेत पुढचा शब्द टाकून मोकळं होतं, आणि मान वळवून कुणी बघत नाही.

बेनेडिक्टने दीडशेच्या दीडशे स्तोत्रं एका आठवड्यात म्हणायला सांगितली होती. आता बहुतेक मठांत ती जास्त आठवड्यांवर पसरली आहेत. पण वगळावगळी फारशी नाही, आणि या स्तोत्रांत सगळं काही गोड नाही. त्यांत शत्रूचे दात पाडायची मागणी आहे, देवावरचा राग आहे, चिडचिड आहे. तुमचा दिवस छान उजाडलेला असेल आणि त्या सकाळी वाट्याला विलाप आला असेल तर विलाप म्हणायचा. मनःस्थितीला कुणी विचारत नाही. मला याची आधी गंमत वाटली, मग हेवा वाटू लागला. आपल्या मनाला काय वाटतं याची दिवसभर चौकशी करत बसणाऱ्या आमच्या पिढीला हा मोठाच दिलासा आहे.

सिस्टर म्हटलं की आपल्याकडे मदर तेरेसांच्या निळ्या काठाच्या साडीतल्या बाया आठवतात. जिथे दुःख असेल तिथे धावून जाणाऱ्या. बेनेडिक्टाइन बाईचं व्रत उलट्या बाजूने सुरू होतं. ती आज्ञापालनाची शपथ घेते, मठाच्या रीतीने स्वतःला घडवत राहायची शपथ घेते आणि एकाच ठिकाणी राहायची शपथ घेते. म्हणजे याच घरात, याच बायकांबरोबर, मरेपर्यंत. यांतली एखादी नाकात बोलणार, एखादी दार आपटणार, एखादी चाळीस वर्षं तोच विनोद सांगणार. नियमात स्वयंपाकघराच्या आठवड्याच्या पाळ्या आहेत. घरात ज्येष्ठता ठरते ती वयाने किंवा माहेरच्या पैशाने नाही, मठात पाऊल टाकल्याच्या तारखेने. महत्त्वाच्या प्रश्नावर सगळ्यांना बोलवायचं, कारण पुष्कळदा धाकट्यालाच बरं सुचतं. कोठारातली भांडी-अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी वापरायची. आणि कुरकुर करायची नाही! हे तर बेनेडिक्ट इतक्यांदा बजावतो, की त्याच्या मठात कुरकुर अखंड चालू असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एका जागी राहायची शपथ घेतलेल्या बायका मग बव्हेरियातून मिनेसोटाला कशा आल्या? ही गोष्ट मठात भक्तिभावाने सांगतात, आणि बऱ्यापैकी रागानेही.

जर्मनीत बव्हेरियातल्या आइखश्टेट गावी संत वालबुर्गाचा मठ १०३५ साली स्थापन झाला. १८०६ मध्ये सरकारने तो बरखास्त केला आणि १८३५ मध्ये राजा लुडविग पहिला याने पुन्हा सुरू होऊ दिला. मात्र भगिनींनी मुलींना शिकवावं ही अट घालून. तिथून १८५२ मध्ये बेनेडिक्टा रीप आणि दोन सोबतिणी जर्मन वसाहतकऱ्यांच्या मुलींसाठी शाळा काढायला अमेरिकेत निघाल्या. बोलावणं होतं बोनिफेस विमर या बेनेडिक्टाइन महंताचं. न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या तेव्हा त्यांना घ्यायला कुणीही आलेलं नव्हतं. पाहुण्याला साक्षात ख्रिस्त मानून घरात घ्या असं शिकवणाऱ्या परंपरेतल्या या बाया, आणि त्यांची सुरुवात अशी.

पेनसिल्व्हेनियातल्या सेंट मेरीजच्या रानात त्यांनी घर मांडलं, शाळा उघडली. मग भांडण लागलं. भगिनींचा कारभार कुणाच्या हातात, त्यांच्या स्वतःच्या प्रमुखाच्या की विमर यांच्या? राजाने भगिनींसाठी पाठवलेला पैसाही दुसऱ्या कामांकडे वळला. रीप दाद मागायला १८५७ मध्ये युरोपला गेली. दाद लागली नाही. परतली तेव्हा सेंट मेरीजमध्ये तिला जागा उरली नव्हती. त्याच १८५७ मध्ये काही भगिनी मिसिसिपीच्या काठी सेंट क्लाउडला येऊन राहिल्या होत्या. त्यांनी तिला घरात घेतलं. क्षयाने खंगून १८६२ मध्ये ती तिथेच गेली. वय ३६. पुढच्याच वर्षी भगिनी सेंट जोसेफला आल्या, आणि कालांतराने तिच्या अस्थीही इथे आणल्या. संस्थापिका म्हणून आज तिचं नाव कितीतरी मठ घेतात, पण शेवटी तिला हवी होती ती एक खाट आणि दार उघडणारं कुणीतरी.

दार उघडण्यात या बायका खरोखर पारंगत. १८८६च्या फेब्रुवारीत त्यांनी सेंट क्लाउडमध्ये लहानसं रुग्णालय काढलं. एप्रिलमध्ये चक्रीवादळाने सेंट क्लाउड आणि शेजारचं सॉक रॅपिड्स झोडपून काढलं. ७२ माणसं गेली. जखमींना घेऊन लोक धावले ते या नव्या दाराकडे. आजच्या मोठ्या सेंट क्लाउड हॉस्पिटलचं मूळ तिथे आहे.

पण त्याच्या आठ वर्षं आधीची एक गोष्ट आहे, आणि ती या घुमटाखाली बसून टाळता येत नाही. १८७८ मध्ये दोन भगिनी उत्तरेला व्हाइट अर्थला गेल्या. ओजिब्वे लोकांना सरकारने नेमून दिलेला तो प्रदेश. तिथे शाळा निघाली, मग निवासी शाळा. मूलनिवासी मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवून, त्यांची भाषा, त्यांच्या प्रार्थना, त्यांचे पोशाख पुसून त्यांना ‘सुधारायचं’, हे तेव्हाचं सरकारी धोरण होतं, आणि अशा शाळांसाठी मिशनांना सरकारकडून पैसे मिळत. भगिनी कष्टाळू होत्या, गरीब होत्या, थंडीत गोठून निघत होत्या, हे सगळं खरं. मुलं घराला पारखी झाली, हेही खरं. ज्या घरातल्या आज्या नातवंडांशी आपल्या भाषेत बोलू शकत नाहीत, तिथे शिक्षिका किती दयाळू होती हे सांगून काही भरून निघत नाही.

मी पुष्कळदा विचार करते की चुकलं नेमकं कुठे. आपल्या दाराशी कुणी आलं तर काय करायचं, हे बेनेडिक्टने बारकाईने लिहिलं आहे. गरिबाकडे आणि वाटसरूकडे जास्त लक्ष द्या, कारण श्रीमंताला मान तसाही मिळतो, इथपर्यंत लिहिलं आहे. दुसऱ्याच्या दाराशी आपण गेलो तर कसं वागायचं, यावर मात्र त्याचं एवढं बारीक लक्ष नाही. त्याचा साधू घराबाहेर फारसा पडेल हेच त्याने गृहीत धरलेलं नाही. यजमान म्हणून तयार झालेली माणसं पाहुणी म्हणून गेली, आणि पाहुणी आहोत हेच विसरली. परक्या ओसरीवर जाऊन त्यांनी यजमानपण सुरू केलं.

आपल्याकडे हे पंडिता रमाबाईंनी दुसऱ्या अंगाने भोगलं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या भगिनींकडे उतरल्या. त्या भगिनी बेनेडिक्टाइन नव्हेत, अँग्लिकन. पण मठ तो मठ. तिथेच रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आसरा मिळाला, प्रेमही मिळालं, आणि त्याबरोबर त्यांनी काय मानावं, किती मानावं हेही सांगण्यात येऊ लागलं. सिस्टर जेराल्डीनशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा; रमाबाई एकेका मुद्द्यावर अशा अडून बसतात की वाचताना आपण सरसावून बसतो. त्या प्रौढ होत्या, विदुषी होत्या, त्यांना उलट उत्तर देता येत होतं. व्हाइट अर्थच्या सहा-सात वर्षांच्या पोरांना कुठून येणार?

२०२१ मध्ये सेंट जोसेफच्या मठाने व्हाइट अर्थच्या लोकांना पत्र लिहून माफी मागितली. पत्राने काय होतं, असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं मला पटतं. पण पत्र लिहायला आणि जाब घ्यायला कुणीतरी जागेवर होतं, हेही मी नोंदवून ठेवते. कंपन्या नाव बदलतात, सरकारी खाती एकमेकांत विरघळतात. या बायका दीडशेहून अधिक वर्षं त्याच गावात आहेत. एका जागी राहायच्या शपथेचा हा अर्थ बेनेडिक्टला अभिप्रेत होता की नाही कोण जाणे, पण कुणाला भांडायला यायचं असेल तर पत्ता बदललेला नाही.

१९४०च्या दशकात या घरात बाराशेंहून अधिक भगिनी होत्या. शाळा, रुग्णालयं, १९१३ मध्ये सुरू झालेलं मुलींचं कॉलेज, शिवाय जपान, तैवान, बहामा, प्वेर्तो रिकोपर्यंत कामं. आता दोनशेच्या आत उरल्या आहेत. नव्या मुली क्वचित येतात. दारावर म्हातारं माणूस बसवायचा नियम पाळणं हल्ली फारच सोपं झालंय, असं त्यांच्यातल्याच एकीने मला हसत सांगितलं. त्याऐवजी लग्न झालेले, नोकरी करणारे, वेगवेगळ्या चर्चचे लोक ‘ओब्लेट’ म्हणून जोडले जातात. आपापल्या घरी राहून जमेल तेवढा नियम पाळतात. मठाचं पुढे काय होणार याची चिंता मला बाहेरून जास्त वाटते. आतल्या बायका अर्थसंकल्प मांडतात, जुन्या इमारतीचं काय करायचं यावर सभा घेतात आणि साडेअकराच्या सुमारास कुणीतरी म्हणतं, चला, प्रार्थनेची वेळ होत आली.

वसंतात एकदा एक सिस्टर मला त्यांच्या कबरस्तानात घेऊन गेल्या. सारख्याच साध्या खुणांच्या लांबच लांब रांगा. शाळेत शिकवलेल्या, रुग्णालयात जागलेल्या, व्हाइट अर्थला गेलेल्या. “जाशील त्या क्रमाने जागा मिळते,” त्या म्हणाल्या, “आवडनिवड चालत नाही.” मग शेवटच्या रांगेतल्या एका नावाकडे त्यांनी काठीने दाखवलं. त्या सिस्टरबरोबर त्यांनी स्वयंपाकघरात कित्येक वर्षं काढली होती, आणि एक दिवस पटलं नव्हतं.

“ही गेली तेव्हा मी न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेली. घाबरले होते गं. म्हटलं, आता कायमची हिच्याच शेजारी.” त्यांनी पुढच्या दोन खुणा काठीने मोजून दाखवल्या. “या दोघी मध्ये आल्या, म्हणून वाचले.”