केन लोच यांचे दोन मास्तर

केन लोच या ब्रिटिश दिग्दर्शकाचं नाव निघालं की मला आधी आठवतो 'केस', १९६९ चा सिनेमा. (आपल्या केसांशी संबंध नाही, कोर्टातल्या केसशीही नाही! केस्ट्रल या छोट्या शिकारी पक्ष्याचं हे लाडकं नाव.) बार्न्स्ली या खाणकामगारांच्या गावातला बिली. घरी थोरल्या भावाचा मार, शाळेत छडी, आणि शाळा संपली की कोळशाची खाण ठरलेलीच. हा पोरगा पक्ष्याचं पिल्लू आणतो आणि त्याला शिकवतो.

त्यात दोन मास्तर आहेत. खेळाचे मास्तर मुलांच्या फुटबॉलमध्ये स्वतःच खेळाडू, स्वतःच पंच. आणि हरल्याचा राग बिलीला गार पाण्याच्या शॉवरखाली कोंडून काढतात. हसू येतं आणि लाजही वाटते. दुसरे फार्दिंग सर. ते बिलीला वर्गात खरं घडलेलं काहीतरी सांग म्हणतात, आणि एरवी तोंड न उघडणारा हा मुलगा पक्ष्याला कसं शिकवलं ते सांगत सुटतो. सारा वर्ग गप्प! मी इतकी वर्षं शिकवलं, पण असा तास वर्षाकाठी एखादाच मिळायचा. या भूमिका करणारे ब्रायन ग्लोव्हर आणि कॉलिन वेलंड दोघेही पूर्वी खरोखरीचे शिक्षक होते, आणि मूळ कादंबरी लिहिणारे बॅरी हाइन्सही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. मुख्याध्यापकांकडे निरोप घेऊन आलेलं एक चिमुरडं पोर उगाचच इतरांबरोबर छडी खातं. त्याचं रडू खरं आहे, कारण छड्या खऱ्या होत्या आणि मुलांना तसं आधी सांगितलेलं नव्हतं. लोच यांची पद्धतच ती: गोष्टीच्या क्रमाने चित्रण करायचं, पुढे काय होणार ते नटांना कळू द्यायचं नाही. मोठ्यांच्या बाबतीत माझी हरकत नाही. पण मुलांवरचा अन्याय दाखवायला मुलांनाच मार? तेवढ्यापुरते लोच मला खेळाच्या मास्तरांशेजारी उभे दिसतात.

असो. माणूस चिवट. १९६६ मध्ये बीबीसीवरच्या 'कॅथी कम होम'मधून त्यांनी बेघरांचे हाल घराघरात पोचवले. ऐंशीच्या दशकात कामगार संघटनांवरचे त्यांचे माहितीपट अडवले गेले, तेव्हा जाहिरातीही कराव्या लागल्या. पुढे २००६ आणि २०१६, दोनदा कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार. त्यातल्या दुसऱ्या, 'आय, डॅनियल ब्लेक'मध्ये दोन मुलांची आई केटी मोफत शिधा मिळतो तिथे जाते. मुलांना भरवून स्वतः उपाशी राहिलेली. ती तिथेच डबा फोडून हातानेच खायला लागते आणि शरमेने रडते. तिथल्या बायका तिला रागावत नाहीत, खुर्चीवर बसवतात. लोच यांचे काही सिनेमे भाषण देतात, ते मला कंटाळवाणे वाटतात. इथे भाषण नाही.

'केस' मिळाला तर जरूर पाहा. खाली अक्षरं लावून पाहा. बार्न्स्लीची बोली इंग्रजी मास्तरांनाही झेपणार नाही.