दोन किलोंचे अंतर

परसातला बुलबुल कढीपत्त्याच्या झाडावर, चार पावलांवर बसलेला असतो. त्याचे छायाचित्र घेण्यासाठी दोन किलो वजनाची टेलिफोटो लेन्स कशाला हवी, असा प्रश्न घरातील मंडळी विचारतात. उत्तर बुलबुलच देतो. माणसाने त्याच्या दिशेने एक पाऊल टाकले की तो उडून जातो. लेन्सचे वजन म्हणजे त्या न टाकलेल्या पावलाचे मोल.

१५० ते ६०० मिलिमीटरची लेन्स पूर्ण लांबवली की हाताचा किंचित कंपही चित्रात मोठा होऊन उमटतो. म्हणून शटरचा वेग निदान १/६०० सेकंद ठेवावा लागतो. फुलाफुलांवर भिरभिरणाऱ्या शिंजिरासाठी तर त्याहून पुष्कळ अधिक. एवढे ओझे फार वेळ पेलवत नाही, खांदा भरून येतो. मग लेन्स मोनोपॉडवर टेकवून, पाखरांना आपली सवय होईपर्यंत एका जागी स्वस्थ बसणे ओघानेच येते.

एके काळी पक्षी ओळखण्यासाठी तो मारून हाती घेण्याची रीत होती. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या पक्षी-अभ्यासाचा आरंभ १९०८ साली छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पीतकंठी चिमणीपासून झाला. ती कोणती, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तोच कंठावरचा पिवळा ठिपका आज लेन्स दुरूनच दाखवते. पाखराचे पीसही हलत नाही.

परंतु लोभ लेन्समध्ये नसतो, तो डोळ्यामागे असतो. घरटे दिसले की आड येणारी डहाळी दूर बांधावी किंवा छाटावी, असे वाटू लागते. चित्र स्वच्छ येते. मात्र तीच पाने पिलांवर सावली धरून असतात आणि कावळा व भारद्वाज यांच्या नजरेपासून त्यांना झाकून ठेवतात. माणूस जवळ घुटमळत राहिला तर आईबाप घरट्याकडे फिरकत नाहीत आणि अंडी थंड पडतात. एका चित्राच्या लाभापोटी बुलबुलाचे सारे भांडवल बुडते.

म्हणून जाणता छायाचित्रकार घरट्याच्या दिवसांत लेन्सवर टोपण चढवतो. बुलबुलाची अंडी उबायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि पिले उडून जाण्यास आणखी जवळजवळ तितकेच. तोवर त्या झाडाला हात लागू नये. फोडणीचा कढीपत्ता शेजारून मागून आणावा.