जुने घर, नव्या तारा

कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटाकडे उतरत जाणाऱ्या जुन्या पेठांत अजून काही घरे अशी आहेत, की त्यांच्यासमोर उभे राहिले म्हणजे एखाद्या वयोवृद्ध माणसासमोर उभे राहिल्यासारखे वाटते. पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंती, सागवानी खांब, कडीपाटाची माडी, पुढे सोपा आणि मागे परडे, असा त्यांचा थाट असतो. अशाच एका घराची ही हकिकत आहे. तिच्यात मोठा पराक्रम नाही. परंतु ज्यांच्या घरात वीज आहे, त्या सर्वांच्या ती उपयोगाची आहे.

या घरात वीज आली, त्याला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या वेळच्या वायरमनने भिंतींवर लाकडी पट्ट्या ठोकल्या, रबराचे वेष्टन आणि त्यावर सुती वीण असलेल्या तारा पत्र्याच्या चिमट्यांनी त्या पट्ट्यांवर बसविल्या, गोल लाकडी ठोकळ्यांवर काळी बटणे लावली आणि दाराजवळ चिनी मातीचे दोन फ्यूज बसवून दिले. सोप्यात एक, माजघरात एक, स्वयंपाकघरात एक आणि माडीवर दोन, असे पाच दिवे लागले. तिन्हीसांजेला पहिला दिवा उजळला, तेव्हा घरातील बायकांनी त्याला हात जोडले. रोज कंदिलाच्या काचा पुसण्याचे काम ज्याच्याकडे होते, तो दहा वर्षांचा मुलगा त्या दिवशी सर्वांत अधिक आनंदला. तोच मुलगा आज त्या घरातील आबा आहे.

पुढे घरात एकेक वस्तू येत गेली. आधी रेडिओ आला, मग पंखा, दूरदर्शन संच, मिक्सर, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र आणि शेवटी पाणी तापविण्याचा गीझर. घरात माणसे वाढली की आपण एखादी खोली जोडतो. वस्तू वाढल्या, तेव्हा तारांना मात्र कोणी काही विचारले नाही. साठ वॅटचा दिवा जितकी वीज ओढतो, त्याच्या तेहतीस पटींनी अधिक वीज दोन हजार वॅटचा एक गीझर ओढतो. पाच दिव्यांसाठी घातलेल्या तारांवर असे ओझे पडले, तर त्या तापणारच. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला, तर तिच्यात निर्माण होणारी उष्णता दुप्पट होऊन थांबत नाही, ती चौपट होते. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने हा नियम १८४१ साली प्रसिद्ध केला. तो शाळेच्या पुस्तकात जितका खरा आहे, तितकाच स्वयंपाकघराच्या भिंतीवरही खरा आहे.

घर आपल्या परीने सांगत होते. गीझर लावला की माजघरातील दिवा मंद होई. एका बटणाचा ठोकळा हाताला कोमट लागे. पावसाळ्यात भिंती ओल धरीत आणि कधीकधी जळक्या रबराचा वास येई. फ्यूज तर वारंवार जाई. तेव्हा आबांनी एक युक्ती केली. फ्यूजमधील केसासारखी बारीक तार काढून त्यांनी तेथे जाड तारेचे दोन पदर पिळून बसविले. त्यानंतर फ्यूज जाण्याचे थांबले आणि आबांना आपल्या युक्तीचा अभिमान वाटू लागला.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ही वास्तू १९१५ साली 'पॅलेस थिएटर' या नावाने खुली झाली होती. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. ज्या रंगमंचावर कित्येक पिढ्यांनी नाटके पाहिली, तो रंगमंच आणि वरचे छप्पर पाहता पाहता जळून गेले. आगीचे कारण शोधणे हे जाणकारांचे काम. पण जुने वाळलेले लाकूड पेटायला किती थोडा वेळ लागतो, हे साऱ्या गावाने त्या रात्री पाहिले. या घरातील मुलानेही पाहिले. घरी येऊन त्याने कडीपाटाखालून गेलेल्या तारांकडे प्रथमच निरखून पाहिले आणि सर्व तारा बदलण्याचा विचार बोलून दाखविला.

आबांना तो पटला नाही. "साठ वर्षं काही झालं नाही. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतोस?" असे ते म्हणाले. त्यांच्या विरोधात हट्ट होता, तशी मायाही होती. त्या तारा म्हणजे त्यांच्या वडिलांनी पै-पै साठवून घरात आणलेला उजेड होता.

परवाना असलेला एक वायरमन आला. त्याने आबांशी वाद घातला नाही. मेन स्विच बंद करून त्याने फ्यूज काढले आणि कोणी चुकून पुन्हा लावू नयेत म्हणून आपल्या खिशात ठेवले. टेस्टरने वीज खरोखरच बंद असल्याची खात्री करून घेतली. मग सर्व दिवे व उपकरणे काढून त्याने तारांना 'मेगर' नावाचे यंत्र जोडले. वेष्टन चांगले असेल, तर या यंत्राची सुई मोठ्या आकड्यांकडे जाते. येथे ती खालीच घुटमळली. नंतर शिडीवर चढून त्याने स्वयंपाकघरातील एक चिमटा उचकटला आणि तार किंचित वाकविली. त्याबरोबर तिचे रबर वाळलेल्या मातीच्या ढेपळासारखे भुरभुर गळून पडले. आतील तांबे उघडे पडले. त्याच्या शेजारी बोटभर जागेतील लाकूड कोळशासारखे काळे झाले होते. बॅटरी धरून उभ्या असलेल्या नातीने ते पाहिले आणि ती आबांकडे पाहू लागली. आबा काहीच बोलले नाहीत.

वायरमनने खिशातला फ्यूज काढून हातावर ठेवला.

"आबा, यात ही तार कुणी घातली?"

"मीच घातली. सारखा जायचा म्हणून."

"आबा, हा घराचा राखणदार होता. तो हाक मारायचा, म्हणून तुम्ही त्याचं तोंड बांधलंत."

ते वाक्य आबांच्या मनाला लागले. फ्यूजची तार बारीक असते, ती कंजूषपणामुळे नव्हे. ओझे मर्यादेबाहेर गेले की भिंतीतील तार तापण्यापूर्वी तिने स्वतः वितळावे आणि प्रवाह तोडावा, यासाठीच तिची नेमणूक असते. जो वेळेवर 'थांबा' म्हणतो, त्याचा राग येणे स्वाभाविक आहे. पण त्याला गप्प केल्याने संकट टळत नाही, ते केवळ दिसेनासे होते.

"कर बाबा सगळं नवं," एवढेच आबा म्हणाले.

काम चार दिवस चालले. मातीच्या भिंतींना खाचा पाडल्या असत्या, तर त्या ढासळल्या असत्या. म्हणून वायरमनने तुळयांच्या कडेकडेने प्लॅस्टिकच्या पट्ट्या नेल्या आणि त्यांतून तांब्याच्या नव्या तारा ओढल्या. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची तार, साध्या प्लगसाठी अडीचची आणि गीझरसाठी चारची, असे ज्याचे जितके काम तितकी त्याची जाडी ठरली. फ्यूजच्या जागी प्रत्येक भागासाठी स्वतंत्र एम. सी. बी. आला. परड्यात खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग केले. शेवटी आर. सी. सी. बी. नावाची एक पेटी बसली. घरात गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा हिशेब ती सतत ताडून पाहते. एखाद्याच्या अंगातून वीज जमिनीत जाऊ लागली, तर हिशेबात तूट येते. ती तीस मिलिअँपिअरपर्यंत पोचण्याच्या आत-बाहेरच ही पेटी क्षणार्धात प्रवाह तोडते. तिच्यावरील लहानसे बटण दर महिन्याला दाबून ती जागी आहे की नाही हे पाहायचे असते. ते काम वडिलांच्या देखरेखीखाली नातीकडे आले. एके काळी कंदिलाच्या काचा पुसणे हे जसे आबांचे काम होते, तसेच हे.

आबांनी जुन्या सामानातून चिनी मातीचा एक फ्यूज तेवढा मागून घेतला. तो आता सोप्यातील कोनाड्यात आहे. कोणी विचारले, तर आपल्या युक्तीची गोष्ट ते काही न लपविता सांगतात.

रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या घरात काहीच बदललेले दिसत नाही. तेच खांब, तीच माडी, तोच सोपा. घर जुने राहिले, म्हणूनच आतल्या तारा नव्या कराव्या लागल्या. आणि तारा नव्या झाल्या, म्हणूनच ते आणखी काही पिढ्या जुने होऊ शकेल. जुन्याचा मान राखायचा, तर खांबांना तेलपाणी करावे, भिंतींची डागडुजी करावी आणि जे भिंतींवर किंवा भिंतींआड मुकाट्याने राबत असते, त्याचीही वेळच्या वेळी विचारपूस करावी.