नुक्ता

दुसरीच्या वर्गात उर्दू शिकवताना माझं निम्मं वर्ष नुक्त्यांशी भांडण्यात जातं. तोच आकार, पण खाली एक नुक्ता दिला की 'बे', तीन दिले की 'पे', वर दोन दिले की 'ते'. 'खुदा' लिहिताना वरचा नुक्ता खाली पडला की तो शब्द 'जुदा' होतो. मुलं हसतात. मी मात्र दरवर्षी तेच सांगतो, "बेटा, ठिपका लहान असतो, त्याने झालेली चूक लहान नसते."

हे सांगणाऱ्या मलाच एक ठिपका कळला नाही. ती गोष्ट आज लिहितोय.

माझा धाकटा भाऊ, घरात आम्ही त्याला मुन्ना म्हणतो, सोलापुरात लग्नपत्रिकांचं डीटीपी करतो. उर्दू, मराठी, दोन्ही. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्याला तीन डायलिसिस, असं दीड वर्ष काढल्यावर आमच्या आपाने त्याला आपली एक किडनी दिली. नातेवाइकांत कुजबुज झाली. देह ही अल्लाहची अमानत, ती अशी देता येते का, असंही कोणी विचारलं. आपा म्हणाली, "अमानत भावाकडेच ठेवतेय, बाजारात नाही विकत." पुढे कोणी बोललं नाही.

ऑपरेशन पुण्यात झालं. किडनी पहिल्याच दिवसापासून चालू लागली. पण दुसऱ्याचा अवयव अंगात आला की आपलं शरीर त्याला परका समजून त्याच्यावर तुटून पडतं. ते होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टिरॉइड. टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून. या गोळ्या किडनीला वाचवतात, पण चोर आला तर ओरडणारा घरातला कुत्राही त्या झोपवून ठेवतात. शिवाय स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमसने साखर वाढते. मुन्नाचीही वाढली.

सातव्या महिन्यात त्याला ताप आला. पुन्हा पुण्याला, पंधरा दिवस ॲडमिट. मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली, जोरकस अँटिबायोटिक चालू. ताप उतरला, तो घरी आला आणि आम्ही शुकराने की नमाज पढलो.

दोन-तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. कुणाची तरी पत्रिका होती. म्हणाला, "भाईजान, इथे नुक्ता एक आहे की दोन?" एकच होता. मी म्हटलं, "अरे, एवढी वर्षं पत्रिका करतोस, चष्मा बदल आता." तोही हसला. लॅपटॉप मिटला आणि गेला.

त्याच्या उजव्या डोळ्यापुढे तेव्हा काळे ठिपके तरंगत होते. डास फिरावेत तसे. सुरुवातीला त्याला वाटलं, स्क्रीनवर धूळ आहे. मग मेडिकलमधून थेंब आणून घातले. दुकानदाराने "उष्णता झाली असेल" म्हणून दिले. डोळा थोडा लाल, उजेडात टोचतं, बाकी काही नाही. बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी डावा डोळा चोळताना त्याच्या लक्षात आलं, की उजव्याने समोरचं सगळं धुक्यात दिसतंय.

आमच्या इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि आत पाहिलं. पडद्यावर पांढरे डाग, पुढच्या जेलीसारख्या पदार्थात कापसाच्या गोळ्यांसारखे पुंजके. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. ट्रान्सप्लांट झालंय का? अलीकडे शिरेत नळी होती का? आणि म्हणाल्या, "आजच पुण्याला निघा."

निदान झालं, डोळ्याच्या आत बुरशी. कॅन्डिडा. बुरशी म्हटल्यावर घरात सगळ्यांना 2021 आठवलं. कोरोनानंतरची ती काळी बुरशी, म्युकरमायकोसिस. पण ती नाकावाटे, सायनसमधून डोळ्याकडे सरकते. ऊस तोडताना पात लागून किंवा मळणीत काडी लागून जी बुरशी होते, ती बाहेरून, बुबुळावर बसते. मुन्नाची तिसऱ्या वाटेने, आतून आली होती. कॅन्डिडा आपल्यातल्या अनेकांच्या तोंडात, आतड्यात, कातडीवर असते. निरोगी माणसात ती गुमान राहते. प्रतिकारशक्ती दबलेली, साखर वाढलेली, अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतू मेलेले, शिरेत नळी, अशा वेळी ती रक्तात शिरते आणि रक्ताबरोबर डोळ्यात जाऊन बसते. ही एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. तरी एका नातेवाइकाने त्याचा टॉवेल वेगळा ठेवायला सांगितलंच.

खरा पेच पुढे होता. बुरशीवरचं जुनं जोरकस औषध, ॲम्फोटेरिसिन, शिरेतून दिलं तर डोळ्याच्या आत नीट पोचत नाही, आणि किडनीला इजा करतं. म्हणून ते सुईने थेट डोळ्यात दिलं. मग ऑपरेशन करून आतली गढूळ झालेली जेली काढली. सोबत व्होरिकोनॅझोल. ते डोळ्यात पोचतं, पण त्याने रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं, आणि वाढलेलं टॅक्रोलिमस किडनीला मारक. मग टॅक्रोलिमसचा डोस एक तृतीयांशावर आणला आणि वारंवार रक्त तपासत राहिले. दुसरी एक गोळीही कमी केली, म्हणजे शरीर बुरशीशी थोडं लढेल. पण ती फार कमी केली तर तेच शरीर किडनीवर उलटणार. दोन्हीकडे तोल सांभाळत डॉक्टर रोज क्रिएटिनिनचा आकडा बघायचे.

वॉर्डाबाहेर आमचे एक मामू म्हणाले, "डोळा आणखी एक आहे त्याला. किडनी जपा, आपाने दिलेली आहे." सल्ला वाईट मनाने दिलेला नव्हता. आपा बाकावर तसबीह घेऊन बसली होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, "मी किडनी भावाला दिली, मामू. भाऊ किडनीला नाही दिला."

त्या रात्री मी मुन्नाला विचारलं, बारा दिवस गप्प का राहिलास? बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "आपाने पोट फाडून घेतलं. तुम्ही सोसायटीचं कर्ज काढलं. अम्मीने बांगड्या मोडल्या. आता डोळ्यात कचरा गेला म्हणून परत गाडी करायला लावू? एकदा विचारलं होतं तुम्हाला. नुक्ता."

मला बोलता आलं नाही. तो एहसानाखाली इतका दबला होता, की त्याला साधं कुरकुरणंही हक्काचं वाटत नव्हतं. आणि ज्या दिवशी त्याने आडून विचारलं, त्या दिवशी मी मास्तर होऊन त्याची चूक काढली.

बुरशी गेली. डोळा वाचला, नजर पूर्ण नाही. पडद्याच्या मधोमध एक व्रण राहिला आहे. त्या डोळ्याने सरळ रेघ वाकडी दिसते, अक्षर मधेच गायब होतं. किडनी चांगली चालते. पत्रिका तो आता डाव्या डोळ्याच्या भरवशावर करतो आणि शेवटचं प्रूफ माझ्याकडे पाठवतो.

तुमच्या घरात किंवा शेजारी ट्रान्सप्लांट झालेलं कोणी असेल तर एवढं करा. डोळ्यापुढे नवे ठिपके, धूसर दिसणं, लाली, दुखणं, उजेड सहन न होणं, यातलं काहीही झालं तर मेडिकलचे थेंब नकोत. ज्यांनी ट्रान्सप्लांट केलं त्यांना त्याच दिवशी फोन करा आणि डोळ्याच्या डॉक्टरांना बाहुली मोठी करून आत बघायला सांगा. प्रतिकारशक्तीच्या गोळ्या आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. आणि त्याने कुरकुर केली तर त्याला खर्चाची, उपकाराची आठवण करून देऊ नका, चेष्टेतही नाही.

मुन्ना रोज फजरनंतर भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहतो. आधी एक डोळा झाकून आकडे वाचतो, मग दुसरा. परवा त्याचा फोन आला, "भाईजान, डाव्या डोळ्यापुढे काहीतरी हललं." माझा तास चालू होता. मुलांना मॉनिटरच्या ताब्यात दिलं आणि मोटारसायकल काढली. खिडकीच्या काचेवर डास होता. दोघंही खूप हसलो. मग तरीही डॉक्टरांकडे जाऊन आलो.