कुपनावरच्या दोन ओळी

पत्रांचा विषय निघाला की जीए, सुनीताबाई, साने गुरुजी अशी नावं पुढे येतात. थोरच आहेत ती पत्रं. पण माणसांना माणसांशी बांधून ठेवण्याचं रोजचं काम मराठी मुलखात कुणी केलं असेल, तर माझं मत मनीऑर्डरच्या कुपनाला.

टपाल खात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केली. पुढे गिरणगावातल्या पगारावर कोकणातल्या किती चुली पेटल्या, याचा हिशेब कोण ठेवणार? फॉर्मच्या तळाशी मजकुराला जेमतेम दोन-चार ओळींची जागा. तेवढ्यात चाकरमानी सगळा संसार बसवायचा. ती. आईस शि. सा. न., वाण्याचे आधी दे, पावसाआधी घर शाकारून घे, गणपतीला रजेचं बघतो. माया लिहायला जागाच उरत नसे. ती वाण्याच्या उधारीत आणि कौलांच्या काळजीत शिरून बसायची.

शिवाय हे लेखन चारचौघांतलं. लिहिता न येणाऱ्याचा मजकूर खोलीतला कुणी शिकलेला गाववाला लिहून द्यायचा आणि गावी पोस्टमन पडवीत बसून तो मोठ्याने वाचायचा. शेजारीपाजारीही कान देऊन असायचे. त्यामुळे कर्जाचा उल्लेख आडून, आणि बायकोची चौकशी ‘मंडळी बरी आहेत ना’ एवढ्यावर. ज्या बाईने ऐकायचं ती दाराआडून बरोबर ऐकायची.

मला सर्वांत भावते ती पोचपावती. पैसे मिळाल्याची सही फॉर्मच्या एका तुकड्यावर घेऊन तो पाठवणाऱ्याकडे परत जायचा. अक्षरओळख नसलेल्या आईचा अंगठा शाईत बुडून परळच्या चाळीत पोचायचा. लेकाला त्यात काय काय वाचता येत असेल!

२०१५ साली ही जुनी मनीऑर्डर बंद झाली. त्याआधीच आलेल्या ई-मनीऑर्डरमध्ये संदेश म्हणून ठरावीक वाक्यांतलं एखादं निवडायचं होतं. सरकारी सोय, दुसरं काय. आता पैसे मोबाइलवरून क्षणात जातात. तिथेही दोन शब्द लिहायला एक चौकट असते, बहुतेक जण ती कोरीच सोडतात. मी मात्र भाच्याला खर्चाचे पैसे पाठवताना हटकून लिहितो, ‘वेळेवर जेवतोस ना?’

त्याचं उत्तरही अंगठ्यानेच येतं. पिवळा, उभा केलेला. चालेल, पोचलं एवढं कळतं.