खाऱ्या वाऱ्यातली अँटेना

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्यानंतर काही वर्षांनी, आमच्या जिल्ह्याचे नाव अद्याप कुलाबा असेच होते त्या काळी, अलिबागेतील आमच्या कौलारू घरात दूरचित्रवाणी संच आला. संच निवडणे सोपे होते आणि टपालकचेरीतून त्याचा परवाना काढणे त्याहूनही सोपे. परंतु छपरावर कोणती अँटेना उभारावी ह्या प्रश्नाने माझे मन जितके व्यापले तितके घरातील अन्य कोणत्याही वस्तूने क्वचितच व्यापले असेल. वरळीचा प्रक्षेपण-मनोरा आमच्यापासून सरळ रेषेत सुमारे चाळीस किलोमीटर, जवळजवळ थेट उत्तरेस; मधला बराचसा मार्ग समुद्रावरून जाणारा, त्यामुळे संकेत क्षीण असला तरी त्याच्या वाटेत फारसा अडथळा नव्हता.

दुकानांत सर्वत्र एकच सल्ला मिळे, की दांड्या जितक्या अधिक तितके चित्र स्वच्छ, आणि तरीही उणे वाटले तर बूस्टर बसवावा. ह्या सल्ल्याचा पूर्वार्ध मला अपुरा वाटला आणि उत्तरार्ध अयोग्य. मुंबईचे प्रक्षेपण चौथ्या वाहिनीवर, म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात होत असे. ह्या लहरींची लांबी साडेचार मीटरांच्या आसपास, म्हणून तिच्या निम्म्या मापाची मुख्य दांडी सव्वादोन मीटरांच्या आसपास भरते, आणि अशा दांड्यांची संख्या वाढवीत गेल्यास समुद्राच्या वाऱ्यात तो सारा डोलारा किती काळ टिकेल ह्याचा विचार प्रथम करावा लागतो. जपानमधील सेंदाईच्या विद्यापीठात यागी आणि उदा ह्यांनी १९२६ च्या सुमारास सिद्ध केलेल्या रचनेची, मागे एक परावर्तक आणि पुढे तीन मार्गदर्शक अशी पाच दांड्यांची अँटेना मी पसंत केली. बूस्टर मात्र नाकारला. कारण अँटेनेने संकेताबरोबर जो गोंगाट गोळा केला असेल तोही बूस्टर त्याच प्रमाणात वाढवितो, आणि दोहोंमधले मूळचे प्रमाण घरात बसून सुधारता येत नाही. चपट्या दोन तारांची वायर स्वस्त होती, परंतु दमट, खाऱ्या हवेत तिची नासाडी लवकर होते, म्हणून ७५ ओहमची गोल कोएक्सिअल केबल आणि तिच्याशी मेळ घालणारा बालून घेऊन ते काम पुरे केले.

पावसाळा सरेपर्यंत चित्र उत्तम होते. थंडीचे दव पडू लागले तसे, सायंकाळनंतर, पडद्यावर मुंग्यांचे दोन आडवे पट्टे दिसू लागले. ते संथपणे वर सरकत, आणि एक वर नाहीसा होतो तोच दुसरा खालून उगवे. स्कूटरच्या ठिणगीने येणाऱ्या मुंग्या वाहनाबरोबर येतात व जातात, एस.टी.ची गाडी तर डिझेलची, तिच्या इंजिनात ठिणगीच नसते. पट्टे दोन, आणि तेही जवळजवळ स्थिर, ह्याचा अर्थ त्यांचे मूळ विजेच्या तारांत असले पाहिजे. कारण पडद्यावर सेकंदास पन्नास वेळा चित्र रेखाटले जाते, घरच्या विजेची आवर्तनेही सुमारे पन्नास, आणि प्रत्येक आवर्तनात विजेचा दाब दोनदा शिखरास पोहोचतो.

मग मी ट्रान्झिस्टर घेऊन रात्री खांबाखांबाने हिंडू लागलो. मध्यम लहरींवरची खरखर तारांच्या आधाराने फार दूरवर पसरते व दिशाभूल करते, म्हणून लघुलहरींचा पट्टा लावून दोन केंद्रांमधील रिकाम्या जागी सुई ठेवली. चालता चालता वाटेत चुंबकीय वेधशाळा लागे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने तेथील कुलाबा वेधशाळेची सूक्ष्म मापने बिघडणार, म्हणून १९०४ साली ती मापने ह्या गावी आणली गेली आणि त्यांच्यासाठी लोखंड वर्ज्य करून इमारत बांधली गेली. निःशब्दतेसाठी एवढी खटपट करणाऱ्या माणसांविषयी मला त्या रात्री फार आदर वाटला. समुद्राकडच्या रस्त्यावरील एका खांबाखाली खरखर शिगेला पोहोचली. चिनी मातीच्या इन्सुलेटरवर महिनोन् महिने मिठाचा थर साचतो, दवाने तो ओला होतो, आणि त्यावरून विजेच्या सूक्ष्म ठिणग्या झरू लागतात. पावसाची पहिली जोरदार सर तो थर धुऊन नेते; पण ती सर येण्यास अजून सहा महिने होते.

विजेच्या कचेरीत अर्ज दिला, आणि उत्तराची वाट पाहत असता अँटेनेकडे नव्या दृष्टीने पाहू लागलो. अँटेना जिकडे तोंड करते त्या दिशेचा तिचा स्वीकार विस्तृत असतो. ती दहा अंश इकडेतिकडे फिरविली तरी संकेतात फारसा फरक पडत नाही. परंतु दांड्यांच्या टोकांच्या रेषेत ती जवळजवळ बधिर असते, आणि ही बधिर दिशा अतिशय अरुंद असते. माझ्या घरावरून तो खांब पश्चिमेस होता व वरळी उत्तरेस. तेव्हा प्रक्षेपकाकडे नेम न धरता, दांडीचे टोक त्या खांबावर रोखावे, अशी तजवीज मी केली. मुलगा खाली पडद्याशी उभा राहून हाका मारी आणि मी वर पाइप किंचित किंचित वळवी. एका ठिकाणी पट्टे इतके मंदावले की चित्रात ते शोधावे लागले. तेथे बोल्ट आवळून, ग्रीस लावून, पाइपवर तेलरंगाची खूण केली, कारण वादळवाऱ्यात दिशा ढळली तर ती पुन्हा तंतोतंत साधावी लागणार होती.

शेजारच्या दोन घरांच्या अँटेनाही मी ह्याच हिशेबाने वळवून दिल्या. तिसऱ्या शेजाऱ्यांचे घर मात्र खांबाच्या नेमके दक्षिणेस होते. त्यांना वरळी आणि ती खरखर एकाच दिशेने येत असल्यामुळे कितीही दांड्यांची, कितीही मोलाची अँटेना त्यांच्या उपयोगी पडणार नव्हती. त्यांच्या वतीने मी दुसरा अर्ज लिहिला, सोबत खांबाचा नकाशा आणि खरखरीच्या वेळा जोडल्या, आणि फाल्गुनात वायरमनने तो इन्सुलेटर बदलला.